उभं राहता येईल असा तंबू

८ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. मोठा तंबू घ्यायचा. माझ्या बाजूने वाद संपला.

काल येलगिरीला एक रात्र राहून आज परतलो. रघूचं दुपारचं डायलिसिस गाडीत केलं. पुढची सीट मागे टाकून, द्रावाची पिशवी दरवाजावरच्या हँडलला अडकवून, काचा बंद, तोंडावर मास्क. दोघंही घामाने निथळत होतो. हँडलची उंची पुरेना, पिशवीतलं पाणी पोटात उतरता उतरेना. बाहेर आमची लेक इरा माकडं हाकलत उभी. तरी माकडांनी बिस्किटं नेली ती नेलीच.

आमचा जुना घुमटी तंबू लग्नानंतर घेतलेला. त्यात रघू मांडी घालून बसला तरी डोकं छताला टेकतं. पाच फूट अकरा इंचांचा माणूस.

परतताना घाट उतरता उतरता म्हणाला, "झालं ना? जमतं की!"

म्हटलं, "एक रात्र जमतं. महिना नाही."

त्याला महिना हवाय. मे महिन्यात, इराच्या सुट्टीत, इथून, मद्रासहून निघून पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत, माझ्या माहेरच्या कोकणापर्यंत. हॉटेलं नकोत, मुक्काम तंबूत. आजारी पडण्याआधीपासूनचं त्याचं हे वेड. पोटातून डायलिसिस घरच्या घरी होतं, दिवसातून चारदा, मशीन लागत नाही. म्हणजे माणूस बांधलेला नाही. हे त्याचं म्हणणं, आणि खरंच आहे. फक्त चार भिंती हव्यात, वारा नको, धूळ नको, आणि पिशवी टांगायला उंची.

१० फेब्रु., मंगळवार

डायलिसिसच्या सिस्टरांना फोन. आधी हसल्या. मग नीट ऐकून घेतलं. बंद खोली, जमीन पुसता येईल अशी, पंखा बंद, जनावर आत येता कामा नये, हात धुवायला स्वच्छ पाणी. द्रावाचे खोके सावलीत. "तंबूत करायला हरकत नाही. खोलीसारखा असला पाहिजे," म्हणाल्या. डॉक्टरांशी त्या बोलणार.

खोलीसारखा तंबू. आता निदान काय शोधायचं ते कळलं.

अम्मांना, म्हणजे सासूबाईंना, पत्ता लागला. त्या आपल्या तंजावरी मराठीत: "बरं नसलेल्या माणसाला रानांत कसाला नेतेस गं?" मी म्हटलं, मी नेत नाही, तोच मला नेतोय. "अय्यो, मग दोघांस पण अक्कल नाही." पूजेला बसल्या.

१४ फेब्रु., शनिवार

माझ्या बँकेला सुट्टी. अड्यारच्या दुकानात गेलो. डोंगरवाल्यांचं सामान विकणारं. मालकीणबाई रेवती, स्वतः भरपूर भटकलेली. तिने तीन तंबू मागच्या अंगणात उभे करून दाखवले. इरा मध्ये मध्ये तमिळमधून भाव करत होती, न विचारता.

पहिला हवेचा. खांब नाहीत, पंप मारला की फुगून उभा राहतो. सुंदर. आत घर आहे अगदी. पण डायलिसिस चालू असताना हवा गेली तर? रेवती म्हणाली, सहसा जात नाही. सहसा! नको.

दुसरा जाड सुती कापडाचा, गोल, मधोमध एक खांब. रघू आत गेला तो बाहेरच येईना. कापडाला हात लावून बघतोय, वास घेतोय. "मधू, हा बघ. याला हूक पण आहे." खांबाला हूक होता खरा. पण आत एकच मोठी गोल जागा. तिघं तिथेच झोपणार, तिथेच चपला, तिथेच पिशव्या. आणि ओला झाला की दोघांना उचलायचा नाही.

तिसरा बोगद्यासारखा लांबट, धातूच्या कमानींवर ताणलेला. मध्ये बैठक, दोन्ही टोकांना झोपायच्या खोल्या, तळ शिवलेला, चेन लावली की डाससुद्धा आत येणार नाही. मधल्या भागात रघू ताठ उभा राहिला, वर हात करून बोटं टेकवली. रंग मात्र औषधाच्या बाटलीसारखा हिरवा.

छताच्या कडीला पाण्याची मोठी बाटली अडकवून बघितली. कापड खाली झोळीसारखं आलं. सगळे हसलो. मी म्हटलं, कडी नकोच, घडीचा स्टँड ठेवू, उंची आहे ती पुरे.

घेतला नाही. रघूचं तोंड उतरलेलं. मांबलमच्या पुलाखाली सिग्नलला म्हणाला, "तंबू बघायला गेलो होतो. तू नर्सिंग होम निवडून आलीस."

१५ फेब्रु., रविवार

भांडण झालं. बरं झालं. सकाळची पिशवी चढत असताना झालं, म्हणजे तो उठून जाऊ शकत नव्हता. मी मुद्दामच वेळ साधली.

तो म्हणाला, त्याला आजारी माणसाचा तंबू नकोय. मी म्हटलं, हा आजारी माणसाचा नाही, उंच माणसाचा आहे. गेल्या वर्षी गाडीत, परवा गाडीत, पावसात छत्रीखाली, सगळीकडे तू वाकून बसतोस आणि मला सांगतोस जमतं. मला तुला वाकलेलं बघायचं नाहीये.

त्याने पिशवीची नळी सरळ केली. मग, "पण तो सुती किती छान होता गं."

छान होता. मलाही आवडला होता. सांगितलं तसं.

आणखी एक गोष्ट, जी भांडणात दोघांनीही काढली नाही. यादी. मृत्यूनंतर कुणी दिलेलं मूत्रपिंड मिळावं म्हणून रघूचं नाव यादीत आहे. फोन आला की काही तासांत इस्पितळात हजर व्हायचं. महिनाभर कोकणात म्हणजे तेवढा काळ नाव बाजूला ठेवायचं. त्याची तयारी आहे. माझी नाही.

१९ फेब्रु., गुरुवार

डॉक्टरांकडे तिघं गेलो. डॉ. म्हणाले, तंबू चालेल, आधी जवळपास करून बघा. यादीचं विचारलं. "नाव निघत नाही, थांबतं. परत आल्यावर कळवा, पुन्हा सुरू. पण मधल्या काळात आलेलं मूत्रपिंड पुढच्याला जाईल. ते तुम्ही ठरवायचं."

रघू: "डॉक्टर, इतके दिवस आलं नाही. नेमकं त्याच महिन्यात येईल?"

मी: "नेमकं त्याच महिन्यात आलं तर?"

डॉ.नी दोघांकडे बघितलं आणि फाईल मिटली. शहाणा माणूस.

इरा परतताना म्हणाली, तुम्ही दोघं एकच वाक्य वेगवेगळ्या सुरात म्हणता.

२२ फेब्रु., रवि.

हिरवा बोगदा घेतला. रघूच म्हणाला, चल. दुकानात गेल्यावर सुती तंबूकडे बघितलंही नाही. उगाच नव्हे, ठरवून.

माझी एकच अट होती: मी आणि इरा दोघींना तो उभा करता आला पाहिजे. रघूला जड उचलायची मनाई. संध्याकाळी गच्चीवर घेऊन गेलो. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून दोऱ्या पाण्याच्या कॅनना बांधल्या. खालच्या मजल्यावरचे मामा विचारायला आले, लग्न आहे का.

पहिल्यांदा उलटा उभा राहिला. दार पाण्याच्या टाकीकडे. दुसऱ्यांदा कमान निसटून इराच्या कपाळावर. तिसऱ्यांदा राहिला. रघू खुर्चीवर बसून सूचना देत होता, त्या आम्ही ऐकत नव्हतो. एकदा उठलाच, मी बघितलं, बसला. त्याला किती जड गेलं ते दिसलं. पण बसला.

मग अम्मा जिना चढून वर आल्या. गुडघ्यांमुळे कधी येत नाहीत. आत शिरल्या, दोन्ही खोल्या बघितल्या, चेन लावून काढून बघितली.

"इकडे तुम्ही दोघं. तिकडे ही पोर. आणि मजला?"

"तुम्ही येणार?"

"तुम्ही सगळे गेल्यावर मी एकटीच भिंतीस बोलत बसूं? सरी, मी पण येतें. पण खाट पाहिजे. भुईवर नाही झोपायची."

अम्मांचं 'सरी' म्हणजे 'बरं, ठरलं'. इराच्या खोलीत एक घडीची खाट. इराने आकाशाकडे बघून हात जोडले. पण नाही म्हणाली नाही.

८ मार्च, रवि.

गच्चीवर खरी चाचणी. घडीचा स्टँड, पिशवी, मास्क, हात धुणं, सगळं तंबूत. चेन बंद. ऊन इतकं की बसवेना. वर जुनी पांढरी चादर टाकली तेव्हा जरा बरं. पिशवी व्यवस्थित उतरली, घरच्याइतकाच वेळ. बाहेर आलेलं पाणी स्वच्छ, पिवळसर, पारदर्शक. गढूळ दिसलं की जंतू शिरले म्हणायचं. नाही दिसलं.

रघू आत खुर्चीवर ताठ बसून पेपर वाचत होता. मी कापडाच्या खिडकीतून बघत होते. "काय बघतेस?" "काही नाही." काही तरी होतंच.

सिस्टरांना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

१९ मार्च, गुरु. पाडवा

गुढी उभारली. इराची परीक्षा चालू, तिचं लक्ष नाही. रघूने श्रीखंड बोटभर खाल्लं, त्याला पथ्य.

मेचं ठरत नाही. रोज एकदा विषय निघतो आणि रोज तसाच राहतो. मी म्हटलं, आधी येलगिरी, दहा-बारा दिवस, इराच्या परीक्षेनंतर. तिथून मद्रास टप्प्यात आहे, यादीला धक्का नाही. मग बघू. तो म्हणाला, "तुझं 'मग बघू' म्हणजे नाही." माझं 'मग बघू' म्हणजे खरंच मग बघू. पण तसं म्हणताना आवाज बरोबर लागला नाही.

(इथे लोक चेन्नई म्हणतात, अम्मांच्या तोंडी मद्रास, आणि आता माझ्याही.)

१० एप्रिल, शुक्र. येलगिरी

पोचलो. गाडी फुटेस्तोवर भरलेली. द्रावाचे खोके, तंबू, अम्मांची खाट, अम्मांचे देव. जागा एका जोडप्याच्या शेतावर, फणसाच्या झाडांखाली. शौचालय, धुवायला नळ. मालकीण सेल्वी, अम्मांच्याच वयाची, म्हणून इराची पाटी, म्हणजे तमिळमधली आजी. पाच मिनिटांत दोघींची तमिळमधून गट्टी.

मी नि इराने तंबू एकाच फेरीत उभा केला. रघूने एकही सूचना केली नाही. शेवटची दोरी त्याने बांधली. मी बांधू दिली.

१२ एप्रिल, रवि.

सकाळी उठून तंबूच्या दारात रघू उभा. कपात कॉफी, पाठ सरळ, डोंगराकडे बघतोय. किती दिवसांनी... असू दे.

चारही वेळा व्यवस्थित. आता आम्ही त्याबद्दल बोलतही नाही. दुपारी तो आत, आम्ही बाहेर. तो कापडाआडून पत्त्यांच्या डावात भाग घेतो: "इरा, तुझ्या हातात गुलाम आहे, मला ऐकू येतंय."

अम्मा सेल्वीकडून फणसाची भाजी शिकल्या, म्हणजे त्यांनी तिला शिकवली.

तंबूचे दोष, लिहून ठेवते: दुपारी अडीचपर्यंत भट्टी. चेन कोपऱ्यात अडकते. हिरवा रंग आत पडतो, सगळे कावीळ झाल्यासारखे दिसतात. गुण: बाकी सगळं.

१४ एप्रिल, मंगळ.

तमिळ नवं वर्ष. सेल्वीकडे जेवण. आंब्याची पच्चडी, त्यात कडुनिंबाची फुलं.

जेवून बसलो होतो. रघूचा फोन वाजला. इस्पितळातल्या, यादी बघणाऱ्या कोऑर्डिनेटर बाई. मी त्याचा चेहरा बघितला आणि कळलं.

मूत्रपिंड आहे. रघू दुसऱ्या नंबरवर. पहिल्या पेशंटचं रक्त जुळलं नाही किंवा तो त्या अवस्थेत नसला, तर रघूला. ताबडतोब निघा. आता काही खाऊ नका. इस्पितळात सगळी तयारी करून ठेवतील.

पाच मिनिटं फक्त हालचाल. मी पिशवी भरली. तंबू काढायला वेळ नाही. इरा म्हणाली, "आई, तुम्ही जा. आजी आणि मी थांबतो."

"एकट्या?"

"सेल्वी पाटी आहेत. आजी आहे. तंबू उभा करता येतो मला, सांभाळता येणार नाही?"

अम्मांनी रघूच्या डोक्यावर हात ठेवला. त्या काय पुटपुटल्या ते ऐकलं नाही. मला म्हणाल्या, "जा. आम्ही इकडेच आहोंत."

गाडी मी चालवली. घाटातल्या वळणांवर रघूने एकदा हात माझ्या मांडीवर ठेवला आणि काढला. वेल्लोरच्या पुढे म्हणाला, "मधू, मला ते हवंय." एवढंच. इतके महिने मला वाटत होतं त्याला डोंगर हवेत.

१५ एप्रिल, बुध. इस्पितळ

इथे बसून लिहितेय. तपासण्या झाल्या. रक्त घेतलं. रघू उपाशी, हिरवा गाऊन. पलीकडच्या खोलीत तो दुसरा. म्हणजे पहिला. त्याची बायको दारात उभी होती, माझ्याच वयाची. आमची नजरानजर झाली. दोघींनीही लगेच काढून घेतली. ती माझ्या नवऱ्याच्या वाइटाची इच्छा करत नव्हती आणि मी तिच्या नवऱ्याच्या. आणि तरी.

इराचा फोन. येलगिरीत वळीव आला, वारा सुटला. मागची एक कमान वाकली. तिने आणि अम्मांनी दोऱ्या धरून ठेवल्या, सेल्वीच्या मुलाने मोठे दगड आणून दिले. "आजी ओरडत होती आई, इतकी ओरडत होती, वाऱ्याला!" आत थेंब आला नाही म्हणे. दोघी खाटेवर बसून फणस खातायत.

मी भिंतीला टेकून हसले. मग रडले थोडी. नर्सने पाणी दिलं.

त्याच दिवशी, नंतर

पहिल्याचं जुळलं. त्याला मिळालं.

डॉक्टर स्वतः आले सांगायला. रघूने त्यांचे आभार मानले, कपडे बदलले. बाहेर पडताना त्या बायकोपाशी थांबला, म्हणाला, "ऑल द बेस्ट, मॅडम." ती रडायला लागली. मी तिचा हात धरला.

मांबलमला घरी आलो. त्याची चुकलेली पिशवी चढवली. आपल्याच भिंती, आपलाच हूक. मी डाळ-भात लावला. तो जेवला. मग म्हणाला, "पहिल्यांदा फोन आला म्हणजे आपण जवळ आलोय. ना?"

"हो." आवाज या वेळी बरोबर लागला.

"तंबूची कमान वाकली म्हणतेस?"

"मागची."

"सरळ करता येते ती. अड्यारहून एक जादा घेऊ. सकाळी दुकान उघडलं की."

मला वाटलं होतं तो म्हणेल आता आवरू, आणू त्या दोघींना घरी.

१६ एप्रिल, गुरु. येलगिरी

रेवतीने कमान दिली, पैसे घ्यायला तयार नव्हती, दिले. दुपार कलता कलता वर पोचलो. तंबू उभा. मागे जरा लंगडा, दगडांच्या आधाराने. इरा धावत आली, मग अगदी जवळ आल्यावर चालायला लागली, मोठ्या माणसासारखी. बापाला मिठी. अम्मा दारात खुर्चीत. त्यांना फोनवर कळवलं होतं. तरी विचारलं, "नाही ना मिळालं?"

"नाही, अम्मा."

"सरी. हात धू. तुझी पिशवीची वेळ झाली."

तो आत गेला. आम्ही तिघी बाहेर कमान बदलत बसलो. तंबू न पाडता बदलली, इराने. मी फक्त धरून होते.

१७ एप्रिल, शुक्र.

काल झोपताना मी एक गोष्ट ठरवली आणि सकाळी त्याला सांगितली. मे महिन्यात कोकणात जायचं असेल तर माझी हरकत नाही. नाव थांबवू. तू ठरव.

तो कॉफी ढवळत राहिला. "आणि मी ठरवलं होतं जायचं नाही. तू इतके दिवस नको म्हणत होतीस, म्हणून."

म्हणजे आता तो माझ्या जागी आणि मी त्याच्या. दोघं हसलो. त्याला ठसका लागला, अम्मा आतून ओरडल्या, काय झालं.

तिथे कोणीतरी आज जागं होत असेल, नवीन मूत्रपिंडासह. त्या बायकोचं नाव विचारायचं राहिलं. पुढचा फोन उद्या येईल, पुढच्या वर्षी येईल. मेमध्येही येईल. कुणाला माहीत? मला एवढं कळतं की फोन कुठेही आला तरी आम्हाला गाडी हाकता येते, आणि मागे तंबू उभा राहतो.

संध्याकाळी इरा खुंट्या पुसून पिशवीत भरत होती, जादाच्या. म्हणाली, "अप्पा, आईच्या गावाला बीचवर लावला तर या खुंट्या वाळूत राहतील?"

रघूने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे.

"नाही राहणार," तो म्हणाला. "वाळूच्या वेगळ्या असतात. लांब, रुंद पात्याच्या."

"रेवतीकडे असतील?"

"असतील."

घ्यायच्या की नाही, ते अजून ठरायचंय. इराने पिशवीची गाठ मारली आणि आजीला हात देऊन आत घेऊन गेली.